कोरफडीची जागा

आमच्या दाराला कोरफड उलटी टांगलेली होती. मुळं वर, पानं खाली, काळ्या दोऱ्यानं चौकटीच्या खिळ्याला बांधलेली. हैदराबादेत घराघराला, दुकानादुकानाला अशी दिसते. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर ती ओढून घेते म्हणतात. चिक्कडपल्लीच्या या घरात आम्ही भाड्यानं आलो त्याच दिवशी खालच्या मालकीणबाई स्टुलावर चढल्या आणि स्वतःच्या हातानं ती बांधून गेल्या. मी विचारलं, हिला पाणी कसं घालायचं? त्या म्हणाल्या, "पानी नक्को अक्का. हवा खाके जीती ये."

आणि जगली. माती नाही, पाणी नाही, तरी जगली. आधी पानं मरगळली. मग त्यांची टोकं हळूहळू वर वळली, जसं काही तिला कळलं की आता आपलं वर म्हणजे हे. उन्हाळ्यात तांबूस व्हायची, पावसाळ्यात पुन्हा हिरवी. खालच्या दुकानात कोणी शिंपडशिंपड करून झाडं वाढवायचं आणि ती मरायची. ही मात्र कोणी न बघता जाड झाली.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत आडवी होते. तिथून दार सरळ दिसतं. दार दिवसभर उघडंच असतं आमचं. जिन्यातून वारा आला की कोरफड स्वतःभोवती फिरायची, अर्धा फेरा इकडे, थांबायची, अर्धा फेरा तिकडे. तिची सावली फरशीवरून माझ्या पायापर्यंत यायची आणि परत जायची. ते बघता बघता माझा डोळा लागायचा. किती वर्षं माझी झोप त्या झाडानं आणली असेल, मी मोजलं नाही. मी नजर वगैरे मानत नाही. मानत नाही म्हणजे, ती कोरफड काढूनही टाकली नाही.

आमचे हे, माझे यजमान, सुलतान बाजारात साड्यांच्या एका दुकानात होते. पुढच्या गादीवर, अगदी दाराशी. आत शिरणाऱ्या बाईला पहिला चेहरा ह्यांचा दिसायचा. "या ताई." "रा अम्मा." "आओ आपा." ज्या भाषेची बाई त्या भाषेत. बाईनं तोंड उघडायच्या आधी ओळखायचे. कशावरून, विचारलं तर म्हणायचे, चप्पल काढण्यावरून. पुढं गुडघे गेले. मांडी घालता येईना, आणि मांडी न घालणारा माणूस गादीवर काय करणार. घरी बसले. आतल्या खोलीतल्या पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. तिकडून पंखा बरा लागतो म्हणाले.

मग ह्यांची भूक गेली.

एकदम नाही गेली. आधी संध्याकाळचा चहा सुटला, मग भात, मग भाकरी. ताटावर बसायचे, भाकरीचे तुकडे करायचे, ते तुकडे वरणातून भाजीकडे आणि भाजीकडून वरणाकडे न्यायचे, आणि हात धुवायचे.

"काय झालं? काही खाल्लंच नाही."

"पोट भरलं गं."

"कशानं भरलं? पंख्याच्या वाऱ्यानं?"

"काय की."

मलकपेठेच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, फोटो काढले, नळी घालून आत बघितलं. काही नाही म्हणाला. काही नाही हे ऐकून मुलगा खूश झाला. मी नाही झाले. काही असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. ह्यांच्या सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली. अंगठी बोटातून गळायला लागली म्हणून मी ती काढून डब्यात ठेवली. माणूस जेवला नाही की मरतो, ह्यात न समजण्यासारखं काही नाही. मी चौथी शिकलेय, मलाही समजतं. मला एवढंच पाहिजे होतं की ह्यांनी तोंडानं म्हणावं, भूक लागली. ते म्हणेनात.

सून पुण्याची. ती आणि मुलगा हायटेक सिटीच्या पलीकडे राहतात, दोघंही कॉम्प्युटरवर काम करतात. शनिवारी ती येते. भराभर बोलते, भराभर चालते, मनानं चांगली आहे. तिनं बाटली आणली.

"बाबा, कोरफडीचा रस. आयुर्वेदिक आहे. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायचा. पचन सुधारतं, भूक लागते."

ह्यांनी घोट घेतला आणि बाटलीकडे बघितलं. "ही कोरफड नाही गं. कोरफडीच्या गावाला जाऊन आलेलं पाणी आहे."

"बाबा!"

"आमची आई द्यायची ती कडू असायची. इतकी कडू की त्याच्यानंतर कोरडी भाकरीसुद्धा गोड लागायची."

मला ती कोरफड माहीत होती. आमच्या गावाकडं बांधाला रांगेनं असायची. सासूबाई पान कापून आणायच्या, सोलायच्या, गराचा तुकडा ह्यांच्या जिभेवर ठेवायच्या आणि तोंड दाबून धरायच्या. माझ्या माहेरीही होती. आम्ही पोरी तो गर खात नव्हतो, डोळ्यापुढं धरायचो. त्यातून बघितलं की शेत, बैल, बांधावर बसलेली आई, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसायचं. आईनं हाक मारली तरी ती हाक पाण्यातून आल्यासारखी वाटायची. मग आई येऊन पाठीत एक द्यायची आणि सगळं कोरडं व्हायचं.

सुनेनं ती कडूची गोष्ट मनात धरून ठेवली. मला ते नंतर कळलं.

पुढच्या शनिवारी ती ह्यांच्याजवळ बसली होती म्हणून मी निवांत भाजीला गेले. संक्रांत नुकतीच झालेली, ऊन मऊ होतं, मी जरा रेंगाळले. अंबाडी चांगली मिळाली. परत जिना चढून वर आले आणि दारात थांबले. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळेना. आपलंच घर, पण दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. मग बघितलं, खिळ्याला नुसता काळा दोरा लोंबत होता. त्याच्या टोकाला मुळाचा एक सुका झुपका. खाली काही नाही.

आतून मिक्सरचं भांडं धुतल्याचा आवाज आला. हे पलंगावर बसले होते, हातात रिकामा ग्लास. तोंड असं वाकडं केलं होतं की मला वाटलं झटका आला. पण डोळे उघडे होते. चांगले उघडे. बऱ्याच दिवसांत मी ते इतके उघडे बघितले नव्हते.

"कडू आहे," हे म्हणाले. "अगदी आईसारखी कडू."

मी सुनेला विचारलं, "दारातली कापलीस?"

"हो आई. घरात एवढी ताजी असताना बाटलीतली कशाला द्यायची?"

"चीक काढलास?"

"कसला चीक?"

"पिवळा. पान कापलं की उभं करून ठेवायचं, तो निथळून जातो. तो पोटात गेला की पोट धुऊन निघतं."

ती हळूच म्हणाली, "व्हिडिओत होतं ते. मी तो भाग पुढं पळवला."

तेवढ्यात मालकीणबाई दारात आल्या. जिन्यात मुळाचा कचरा पडला होता, तो बघत वर आलेल्या. खिळ्याकडं बघून त्यांनी छातीवर हात ठेवला.

"अय्यो! कलबंदा किदर गई?"

कलबंदा म्हणजे कोरफडच, तेलुगूत. मी सांगितलं, सुनेनं कापली आणि रस केला.

"पिया कौन?"

मी आतल्या खोलीकडं बोट केलं. मालकीणबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"क्या करे जी तुम लोगां! इत्ते सालां से सब की दिष्टी पीके बैठी थी वो. जो सीढी चढा, जो उतरा, सब की नजर उसके पेट में. और वो तुम अन्ना को पिला दिए?"

सून माझ्याकडं बघायला लागली. तिला अर्धं कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. "आई, म्हणजे ते नजरेचं होतं? मला वाटलं कुंडीला जागा नाही म्हणून उलटं लावलंय. आमच्या ऑफिसात भिंतीवर लावतात तशी झाडं."

मालकीणबाईंना मी हे हिंदीत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आणि आतून हसू आलं. आधी मला खोकला वाटला. हे हसत होते. भिंतीकडं तोंड नव्हतं, आमच्याकडं होतं. "म्हणजे आता सगळ्या चिक्कडपल्लीची नजर माझ्या पोटात? म्हणून म्हटलं पोट भरल्यासारखं का वाटतंय!"

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. सून घाबरून राहिली, घरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सुरू झालं. पोटात मुरडा आणि पळापळ. पळणं कसलं, गुडघ्यांनी पळता येत नाही, मी एका बाजूनं आणि सून एका बाजूनं. पोटात अन्न नव्हतंच, जायला काय होतं देव जाणे, पण जात होतं. सुनेनं डॉक्टरला फोन लावला. तो तिच्यावर ओरडला, मलाही फोनवर बोलावून ओरडला. ह्या वयात असलं काही विचारल्याशिवाय द्यायचं नाही. साखर-मिठाचं पाणी घोट घोट देत राहा, ग्लानी आली, लघवी कमी झाली तर लगेच आणा. फोन ठेवून सून रडायला लागली.

"रडू नकोस," मी म्हटलं, "लिंबू पिळ."

तिनं पिळलं. रडत रडतच पिळलं. दुपारपर्यंत थांबलं. हे झोपले. चेहरा पांढरा, पण कपाळावरची आठी गेली होती. मी जमिनीवर आडवी झाले आणि सवयीनं दाराकडं बघितलं. तिथं काही फिरत नव्हतं. दाराची चौकट, तिच्यात ऊन, बस. सावली माझ्या पायाशी आली नाही. मला झोप लागली नाही.

संध्याकाळी मालकीणबाई मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन आल्या. उतरवायचं तर उंबऱ्यावरच बसायला पाहिजे म्हणाल्या. ह्यांना खाली बसता येत नाही, म्हणून आम्ही खुर्ची दारात ठेवली, तोंड जिन्याकडं. त्यांनी ओवाळलं, पुटपुटल्या, मिरच्या जाळल्या. ठसका कोणालाच लागला नाही. म्हणजे नजर फार मोठी होती म्हणे. मला वाटतं मिरच्या जुन्या होत्या.

"नवी कधी बांधणार?" मी विचारलं.

"अमावस्या को. बीच में नै बांधते." अमावस्या लांब होती. त्या खिळ्याकडं बघत राहिल्या. "तब तक दरवाजा खाली. अच्छा नै है अक्का."

"खाली कायकू?" हे खुर्चीतून म्हणाले. "मैं पिया ना? मैं बैठता. कलबंदा अब मैं."

मालकीणबाई हसल्या, मी हसले, सूनही हसली. मला वाटलं विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी झाले आणि आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. हे खुर्ची ढकलत आले, तिच्याच आधारानं चालत, दारात ठेवली आणि बसले. पाठ माझ्याकडं, तोंड जिन्याकडं. उन्हात त्यांची सावली पडली, फरशीवरून येऊन माझ्या पायाशी थांबली. डोकं जरासं इकडं, जरासं तिकडं. माझा डोळा लागला.

ते दिवस मला नीट वेगवेगळे आठवत नाहीत. सगळे मिळून एकच लांब दुपार होती असं वाटतं. आमच्या वरच्या मजल्यावर मुली राहतात, गावोगावहून आलेल्या, सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. त्या जिन्यानं सारख्या वरखाली करायच्या. मी अर्धवट झोपेत, आणि माझ्यावरून आवाज जायचे. चपला. पाण्याची बाटली कठड्याला आपटल्याचा आवाज. मग ह्यांचा आवाज, जुना, दुकानातला. "क्या अम्मा, आज जल्दी?" मग तेलुगूत काहीतरी, मग मुलीचं हसणं. हे ओळखायचे कोण कुठल्या जिल्ह्याची. बरोबर आलं की मुली ओरडायच्या. मला झोपेत वाटायचं आपण दुकानात आहोत, साड्या एकावर एक पडताहेत, कोणी मोजत नाही. कधी आईची हाक यायची, पाण्यातून आल्यासारखी. एकदा स्वप्न पडलं की आम्ही दोघं चौकटीला उलटे टांगलेले आहोत, पाय वर, आणि वारा आला की अर्धा फेरा घेतोय. भीती वाटली नाही. पाठीला आराम वाटत होता.

आणि एका दुपारी, त्याच झोपेत, मी कुडुम असा आवाज ऐकला.

मी डोळे उघडले, पण हलले नाही. वरची एक मुलगी गावाहून आली होती. पायरीवर उभी, हातात डबा. "तातय्या, तीस्कोंडी," म्हणत होती, म्हणजे आजोबा, घ्या. डब्यात सकिनालू. तिळाची, तांदळाच्या पिठाची, गोल गोल वेटोळ्यांची, संक्रांतीला तिकडं घरोघर करतात ती.

"दात नै हैं अम्मा," हे म्हणाले.

"थोडे तो हैं. अभी आवाज आया ना?"

पुन्हा कुडुम. मग चावल्याचा आवाज. बारीक, सावकाश, एका बाजूच्या दाढेनं. तो संपला आणि पुन्हा कुडुम झालं. मी छताकडं बघत पडून राहिले. उठून बघायला गेले असते तर हे थांबले असते, मला माहीत आहे त्यांचं. डोळ्यातून काही आलं वगैरे नाही. पण मी श्वास हळू घेत होते, एवढं खरं.

त्या संध्याकाळी मी भाकरी वाढली तर पुन्हा तुकडे इकडून तिकडे. "दुपारी खाल्लं ना तिचं," म्हणाले. मी ताट उचललं. पुढं अर्धी भाकरी जायला लागली. कधी नाही. कोणी जिन्यात बोललं असेल त्या दिवशी जायची, रविवारी मुली झोपून असायच्या तेव्हा नाही. भूक लागली असं मात्र हे एकदाही म्हणाले नाहीत.

अमावस्या आली. मालकीणबाई वर आल्या, एका हातात स्टूल, एका हातात नवी कोरफड. चांगली गुबगुबीत, मुळाला अजून माती. काळा दोरा दातात धरलेला. सूनही त्या दिवशी आलेली होती. हे वर खिळ्याकडं बघत उठले, खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"चला," म्हणाले, "माझी ड्यूटी संपली."

आणि खुर्ची आतल्या खोलीकडं वळवली. त्या खोलीतली भिंत मला तिथून दिसत होती. त्यांच्या कॉलरमध्ये अजून दोन बोटं जात होती.

मी मालकीणबाईंच्या हातातून कोरफड काढून घेतली.

"ये नै टांगने की," मी म्हटलं.

"फिर?"

"लगाने की. तेल के डब्बे में. खाने को."

"और दरवाजा?"

"दरवाजा भरा है."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. बाई मूर्ख नाही. तोंडातला दोरा काढून त्यांनी सावकाश बोटाला गुंडाळला. "अन्ना," म्हणाल्या, "पूनम तक देखती मैं. काम बरोबर नै करे तो निकाल के कलबंदा बांधती."

"पगार क्या देती वो बोलो," हे म्हणाले, आणि खुर्ची परत जिन्याकडं फिरवून बसले.

कोरफड गॅलरीत डब्यात लावली. पाणी मिळाल्यावर ती फुगतच गेली. मुळं खाली असलेली कोरफड बघायची मला सवय राहिली नव्हती, काही दिवस ती चुकीची वाटायची. डॉक्टरला विचारलं. चीक पुरता काढून, आठवड्यातून एखाद्या वेळी, चमचाभर, त्याहून जास्त नाही म्हणाला. आता सूनच करते ते. पान कापते, वाटीत उभं ठेवते, पिवळं पाणी थेंबाथेंबानं उतरताना बघत बसते, मग धुते, सोलते, पुन्हा धुते, आल्याचा रस आणि सैंधव घालते. हे तोंड वाकडं करून घेतात आणि म्हणतात, आईची याहून कडू होती. ती म्हणते रसानं गुण आला. मालकीणबाई म्हणतात दिष्टी उतरली. मला विचारलं तर मी सांगते, मला माहीत नाही.

परवा सून गर सोलत होती आणि मी एक तुकडा उचलला. उगाच. डोळ्यापुढं धरला आणि दाराकडं बघितलं. दार, ऊन, जिना, खुर्चीत बसलेले हे, पायरीवर उभी एक मुलगी, सगळं पाण्याखाली गेलं होतं. ह्यांचं डोकं जरासं इकडं झालं, जरासं तिकडं. मुलगी वर गेली. चुलीवर, म्हणजे गॅसवर, अंबाडी रटरटत होती.

"अगं," पाण्यातून आवाज आला. मागं वळून न बघताच. "अंबाडी केलीस का? भूक लागली."

मी गर खाली ठेवला. हाताला बुळबुळीत झालं होतं, पदराला पुसलं.

"लागली तर उठून या आत," मी म्हटलं. "मी काही दारात आणून देणार नाही."

आणि ताट दारातच नेऊन दिलं. गुडघे दुखतात त्यांचे.